फेरअर्जासाठी एक शोकांतिका

चष्मेवाल्यांचा अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला, याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. सरकारी अर्ज नामंजूर होतात, त्यात नवल ते काय. दुःख होतं ते कारणाचं. सांस्कृतिक खात्याच्या पत्रात एवढंच लिहिलं होतं, की सदर संस्थेने नाटकाचा प्रयोग केल्याचा कोणताही पुरावा आढळून येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

ज्या प्रयोगासाठी चष्मेवाल्यांनी महिनाभर दाढी वाढवली, दुकानात आलेली लहान मुलं त्या दाढीकडे बघून रडायला लागली तरी वाढवली, तो प्रयोग झालाच नाही असं सरकारचं म्हणणं होतं. त्यांनी ते पत्र चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग दुकानातली सगळ्यांत जाड काच डोळ्यासमोर धरून वाचलं. मजकुरात काही फरक पडला नाही.

आता खरं सांगायचं, तर खात्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. अर्जाला फोटो जोडले होते भरपूर. पण एका फोटोत प्रमुख पाहुणे हार घालून घेत होते, दुसऱ्यात पाहुणे बोलत होते, तिसऱ्यात पाहुणे चहा पीत होते आणि चौथ्यात पाहुणे निघाले होते. पाहुण्यांच्या मागोमाग फोटोग्राफरही निघाला होता. नाटक त्यानंतर सुरू झालं. सगळे फोटो पाहून कुणालाही वाटलं असतं, की ही चहा पाजणारी संस्था आहे.

संस्था म्हणजे पाच माणसं. स्वतः चष्मेवाले, हे लेखक, दिग्दर्शक आणि नायक. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते आणि जी दुकानाचा काउंटर सांभाळते, ती नायिका. वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणजे चष्मेवाल्यांचा मेहुणा, तो मुलगा, नोकर, पोस्टमन, जे लागेल ते. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हे डॉक्टर. आणि निवृत्त हेडबाई पडद्याआडून संवाद सांगायला. पडदा म्हणजे वहिनींची चादर, आणि दिवे म्हणजे डोळे तपासायचे दोन टेबललॅम्प. अनुदान हवं होतं ते खऱ्या पडद्यासाठी आणि खऱ्या दिव्यांसाठी. तालमी दुकानाच्या मागच्या खोलीत चालत. तिथे भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता लावलेला होता, आणि डॉक्टर वाक्य विसरले की नजर तक्त्यावर जाऊन "ग, म, ट" असं काहीतरी अत्यंत गंभीर आवाजात म्हणून जात.

पत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरात आणखी एक गोष्ट छापलेली होती. फेरअर्जाची संधी एकदाच. तोही नामंजूर झाला, तर संस्थेचं नाव हौशी नाट्यसंस्थांच्या यादीतून कायमचं कमी. हे वाचल्यावर चष्मेवाल्यांनी पत्राची घडी घातली आणि जाहीर केलं, की आता असा प्रयोग करू, की पुरावा ठेवायला खात्याला नवीन कपाट घ्यावं लागेल.

वहिनींनी विचारलं, नाटक तेच का. चष्मेवाले म्हणाले, तेच. नाटकाचं नाव होतं 'मूक हंबरडा'. मरणाच्या दारात असलेली आई परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघते, मुलगा क्षणभर उशिरा पोचतो, आणि मग बाप जे बोलायला लागतो तो पडदा पडेपर्यंत बोलतो. हेडबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हंबरडा मूक कसा असेल. तेव्हा चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, त्या नजरेला नंबर लावता येत नाही.

प्रयोग करायचा म्हणजे सभागृह हवं. नियम सांगत होता, की प्रयोग बंदिस्त जागेत व्हावा, प्रेक्षकांच्या बसण्याची सोय असावी आणि किमान साठ प्रेक्षकांच्या अभिप्रायासह सह्या असाव्यात. चष्मेवाले सार्वजनिक सभागृहाच्या खिडकीपाशी गेले. तिथल्या साहेबांनी फार अदबीने सांगितलं, की सभागृह मान्यताप्राप्त संस्थेलाच मिळतं, तेव्हा सांस्कृतिक खात्याचं मान्यतापत्र आणा. चष्मेवाले सांस्कृतिक खात्याच्या खिडकीपाशी गेले. तिथल्या साहेबांनी तितक्याच अदबीने सांगितलं, की मान्यतापत्र प्रयोगाचा पुरावा दिल्यावर मिळतं, तेव्हा आधी प्रयोग करा.

या दोन खिडक्या एकाच इमारतीत, एकाच बोळात, समोरासमोर होत्या. चष्मेवाल्यांनी मधे उभं राहून दोघांना सुचवलं, की साहेबांनी साहेबांना जरा विचारावं. दोघांनाही ते फार लागलं. खात्यांमधला व्यवहार लेखी असतो, असं दोघांनी एकाच वेळी सांगितलं. थोड्या वेळाने जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा दोन्ही साहेब बाहेर आले आणि एकाच बाकावर बसून एकाच डब्यातून जेवायला लागले. चष्मेवाल्यांनी ते दृश्य डोळे भरून पाहिलं आणि घरी आले.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, माझ्या दवाखान्यातली बाहेरची खोली घ्या, तिथे माणसं तासन्‌तास बसतात आणि उठून जात नाहीत. चष्मेवाल्यांनी कल्पना करून पाहिली. त्यांचं करुण भाषण ऐन भरात आलेलं आहे, प्रेक्षक गालाला हात लावून कण्हत आहेत, आणि ते नाटकामुळे कण्हतात की दाढेमुळे हे कुणालाच कळत नाही. त्यांनी नकार दिला. हेडबाई म्हणाल्या, शाळेचं पटांगण. पण पटांगण बंदिस्त नव्हतं. समोरचे किराणावाले म्हणाले, त्यात काय, मी साठ सह्या आणून देतो, प्रयोग कशाला करता. हा सल्ला चष्मेवाल्यांना कलावंत म्हणून झोंबला आणि अर्जदार म्हणून जरासा आवडला. म्हणून ते किराणावाल्यांवर जास्तच चिडले.

शेवटी मेहुणा बोलला. तो एका गाद्या-पलंगांच्या मोठ्या दुकानात विक्रेता होता. "भावजी, आमच्या दुकानात करू. आठवड्याच्या सुट्टीला दुपारी. बंदिस्त आहे, आणि बसण्याची सोय तर अशी आहे, की कुठल्या नाट्यगृहात नसेल."

शोकांतिका आणि स्प्रिंगची गादी यांचा संबंध चष्मेवाल्यांना जोडता येत नव्हता. पण नियमात खुर्च्या असाव्यात असं कुठेही लिहिलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, निदान या वेळी मरताना माझी पाठ दुखणार नाही. गेल्या वेळी त्यांना तीन स्टुलं जोडून त्यावर मरावं लागलं होतं.

गादीवाले मालक भला माणूस होता, पण धंदेवाईक होता. त्यांनी जागा फुकट दिली आणि दोन अटी घातल्या. कुठल्याही मालावरची चिठ्ठी काढायची नाही, आणि आईने मरायचं ते नव्याने आलेल्या पलंगावर. चष्मेवाल्यांनी समजावून सांगितलं, की नाटकातलं घर गरिबाचं आहे, आणि हा पलंग चारी बाजूंनी नक्षीचा, उशाशी आरसा आणि कळ दाबली की डोक्याकडून वर येणारा आहे. मालक म्हणाले, गरिबालाही चांगली झोप लागायला हवी. पलंग ठरला.

फोटोग्राफर या वेळी गल्लीतलाच ठरवला. हा माणूस आयुष्यभर ओळखपत्राचे फोटो काढत आलेला. चष्मेवाल्यांनी त्याला शपथ घालून सांगितलं, की पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, फक्त नाटक. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा स्पष्ट येईल, त्याची काळजी नको.

राहिले साठ प्रेक्षक. चष्मेवाल्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर निमंत्रण दिलं. डॉक्टरांनी त्यांच्या पेशंटना त्या दुपारची वेळ दिली आणि पत्ता गाद्यांच्या दुकानाचा दिला. हा प्रकार चष्मेवाल्यांना नंतर कळला. आणि गादीवाल्या मालकांनी कुणालाही न विचारता दुकानाच्या दारावर भला मोठा फलक लावला: 'आज दुपारी नव्या पलंगाचे प्रात्यक्षिक. प्रवेश मोफत.' त्याच्याखाली जागा उरली म्हणून 'नाटकासह' असंही लिहिलं.

प्रयोगाच्या दिवशी चष्मेवाल्यांनी चादरीच्या फटीतून बाहेर डोकावलं आणि त्यांचा ऊर भरून आला. दुकान गच्च भरलं होतं. माणसं पलंगांवर ओळीने बसली होती, काही उशांना टेकली होती, काही गादीवर बुक्की मारून पाहत होती. एक म्हातारं जोडपं एका दुहेरी पलंगावर पाय वर घेऊन ऐसपैस बसलं होतं. आणि सगळ्यांत पुढच्या पलंगाच्या अगदी कडेला, पाठ ताठ ठेवून, मांडीवर फाइल घेऊन एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. त्या खात्याच्या निरीक्षक होत्या. फेरअर्जात प्रयोगाची जागा आणि वेळ लिहिली की प्रत्यक्ष पाहणी होते, हेही पत्राच्या मागे बारीक अक्षरात असावं. ते मात्र चष्मेवाल्यांनी वाचलं नव्हतं.

सुरुवात बरी झाली. आई पलंगावर पडलेली, बाप उशाशी. निदान तसं ठरलं होतं. पण उशाशी आरसा असल्यामुळे प्रेक्षकांना दोन बाप दिसत होते, एक समोरून आणि एक टाळूकडून. चष्मेवाले "हे दैवा" म्हणून खाली वाकले की आरशातलं टक्कल वर येई. प्रेक्षकांत कुणीतरी हळूच हसलं. चष्मेवाल्यांनी दुर्लक्ष केलं. मोठ्या कलावंताला असली हसणी ऐकू येत नाहीत, आणि त्यांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

मग डॉक्टर आले. त्यांनी आईची नाडी बघायची होती. त्यांनी नाडी धरली, आणि मग रोजच्या सवयीने म्हणाले, "आ करा." वहिनींनी आ केला. डॉक्टरांनी आत पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी चिंता उमटली. "ही वरची दाढ किती दिवस दुखतेय?" त्यांनी विचारलं. पडद्याआडून हेडबाई दबक्या आवाजात सांगत होत्या, की वाक्य 'आता देवाचीच आशा' असं आहे. डॉक्टरांनी ऐकलं आणि दाढेकडे बघतच म्हटलं, "आता देवाचीच आशा."

हशा असा उसळला, की म्हाताऱ्या जोडप्याचा पलंग हलला.

चष्मेवाल्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी निरीक्षक मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली होती. वाचत असाव्यात, असं चष्मेवाल्यांनी स्वतःला समजावलं.

मरणाचा प्रसंग आला. वहिनी फार छान मेल्या. त्यात काही उणं काढता येणार नाही. मान कलली, हात पलंगावरून खाली सुटला, सगळं तालमीप्रमाणे. फक्त तो सुटलेला हात पलंगाच्या कळेवर पडला. त्याबरोबर आई कमरेपासून सावकाश उठून बसायला लागली. डोळे मिटलेले, मान कललेली, आणि आई वर येतेय. चष्मेवाल्यांनी तिला दोन्ही हातांनी खाली दाबायचा प्रयत्न केला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की बाप आईला मरायला मदत करतोय. मेहुण्याने मुलगा म्हणून धावत प्रवेश केला, एका नजरेत सारं ओळखलं, आणि "आई" असा टाहो फोडून कळ उलटी दाबली. आई पुन्हा आडवी झाली.

तेवढ्यात तिसऱ्या पलंगावरची एक बाई उभी राहिली. ती फलक वाचून प्रात्यक्षिकाला आली होती आणि मघापासून तिला हेच बघायचं होतं. तिने अगदी सरळपणे विचारलं, "यात स्प्रिंग आहे की कापूस?"

वहिनींनी आयुष्याची निम्मी वर्षं काउंटरवर काढलेली. गिऱ्हाइकाचा प्रश्न आला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालेलं नव्हतं. ती सवय मेल्याने थोडीच जाते? डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "स्प्रिंग आहे. पण पाठीला बरी आहे."

यानंतर दुकानात जे झालं, त्याला हसणं म्हणणं कमी पडेल. माणसं गाद्यांवर लोळली. अगदी खरोखर लोळली, कारण लोळायची तिथे सोय होती. हेडबाईंच्या हातून संहितेचे कागद गळून पडले आणि गोळा करता करता त्याही चादरीआड बसकण मारून हसू लागल्या. मेहुण्याने आईच्या छातीवर डोकं ठेवून तोंड लपवलं होतं. त्याचे खांदे हलत होते, आणि ते रडण्याने हलत नव्हते.

मधे एकटे चष्मेवाले उभे. आता त्यांचं भाषण होतं. संहितेत ते चार पानांचं होतं, त्यात वादळ होतं, वणवा होता, विझलेली ज्योत होती. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. संवाद सांगायला पडद्याआड कुणी शुद्धीवर नव्हतं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. वहिनी डोळे मिटून निपचित पडल्या होत्या, हसू आवरायला ओठ दाबून धरले होते. चष्मेवाले पलंगाच्या कडेला बसले. काय बोलावं ते कळेना, म्हणून जे मनात आलं ते बोलले.

"आज सकाळपासून मला कुणी काही विचारलं नाही," ते म्हणाले. "जेवलात का, एवढंसुद्धा नाही."

एवढंच. आणि दुकान शांत झालं. इतकं शांत, की एखाद्या गादीतली स्प्रिंग कुठेतरी कुरकुरली तेही ऐकू आलं. वहिनींचे दाबलेले ओठ सैल पडले. चष्मेवाल्यांना वाटलं, आपण पुढे काहीतरी बोलायला हवं, आणि वाटलं, की नको.

तेवढ्यात फोटोग्राफर पुढे आला, एका गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, हनुवटी जरा वर. आणि वहिनी, डोळे उघडा, मिटलेले चालत नाहीत."

मेहुण्याने चादर ओढली. टाळ्या पडद्यावर पडाव्यात तशा चादरीवर पडत राहिल्या.

लोक पांगले, तसे चष्मेवाले दुकानाच्या कोपऱ्यात उशांच्या ढिगापाशी जाऊन बसले. सह्यांचे कागद भरले होते, साठांहून कितीतरी जास्त. त्यांनी अभिप्राय वाचायला घेतले. 'पोट दुखेपर्यंत हसलो.' 'दाढदुखी विसरलो.' 'गादी चांगली आहे, नाटक त्याहून चांगलं.' प्रत्येक ओळीने त्यांना एकेक टोचणी लागत होती. तीन अंकांचं कारुण्य, आणि माणसांचं पोट दुखलं म्हणे.

निरीक्षक मॅडम समोर आल्या. त्यांनी फाइल उघडली आणि शांतपणे सांगितलं, की अडचण अशी आहे. अर्जात नाटकाचा प्रकार शोकात्म असा लिहिला आहे. पाहणी अहवालात त्यांना जे पाहिलं तेच लिहावं लागेल. दोन्हींत फरक पडला की फेरअर्ज आपोआप बाद. मात्र अहवालावर सही होण्याआधी अर्जदाराला अर्जात दुरुस्ती करून तिथे सही करता येते, तसा नियम आहे.

"म्हणजे मी विनोदी असं लिहायचं," चष्मेवाले म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही. मी काय लिहिणार आहे तेवढं सांगू शकते.

चष्मेवाल्यांचा स्वाभिमान उठून उभा राहिला. त्यांनी सांगितलं, की या नाटकावर त्यांनी तीन वर्षं घालवली आहेत, की लोकांना समज नाही, की पलंगाला कळ होती हा लेखकाचा दोष नाही, आणि पडदा नसला तरी चालेल, दिवे नसले तरी चालतील, यादीतून नाव गेलं तरी चालेल, पण हा शब्द ते लिहिणार नाहीत. डॉक्टर मधे पडायला आले, तर त्यांना सांगितलं, की तुम्ही दाढेचं बोलू नका. मेहुणा आला होता, तो मग आला तसा परत गेला.

वहिनी अजून पलंगावरच बसल्या होत्या, केसांना पांढरा रंग, कपाळावर पेन्सिलीच्या सुरकुत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "गेल्या वेळी दुसऱ्या अंकात निम्मी माणसं उठून गेली होती. उरलेली झोपली होती. तुम्हाला प्रकाशात दिसलं नाही, मला पडल्यापडल्या दिसत होतं." मग त्यांनी दुकानभर पसरलेल्या, चुरगळलेल्या गाद्यांकडे हात केला. "आज एक माणूस झोपला नाही. गाद्यांच्या दुकानात."

चष्मेवाल्यांनी त्या गाद्यांकडे पाहिलं. लांबवर शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. अशा मऊ गाद्या, दुपारची वेळ, आणि तीन अंक. त्यांनी मनाशी हिशेब मांडून पाहिला, आणि तो कसाही मांडला तरी त्यांच्या बाजूने येत होता. त्यांनी खिशातून पेन काढलं, शोकात्म हा शब्द एका रेघेने खोडला, वर विनोदी असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली. सही करताना मान अशी ताठ ठेवली, की कुणाला वाटावं दुरुस्ती खात्याचीच चालली आहे.

मॅडमनी अहवाल पुरा केला, फाइल बांधली आणि दारापर्यंत गेल्या. तिथे त्या थांबल्या.

"ते जेवलात का म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "तिथे मला फाइल परत तोंडासमोर धरावी लागली. पण रकान्यात एकच शब्द बसतो."

अनुदान मंजूर झालं. जाड मखमली पडदा आला, दोन मोठे दिवे आले, वहिनींची चादर पुन्हा घरच्या कामाला लागली. नव्या प्रयोगाची मागणी खुद्द सार्वजनिक सभागृहाने केली, आणि ती लेखी केली. किराणावाल्यांनी एकदा विचारलं, की नाटक मुळात विनोदी होतं का. चष्मेवाले म्हणाले, करुण रस मांडायला कुणालाही येतो, तो लोकांच्या नकळत मांडायला मात्र अभ्यास लागतो.

आता तालमी रोज असतात. मागच्या खोलीत टेबलावर कापसाची गादी घातलेली असते, वहिनी तिच्यावर पडलेल्या असतात, हेडबाई हातात कोरे कागद धरून बसतात, कारण ते भाषण आता संहितेत नाही. डॉक्टर दाढ बघतात. वहिनी मरतात. मेहुणा गिऱ्हाईक होऊन स्प्रिंगचं विचारतो, आणि वहिनी उत्तर द्यायला तोंड उघडतात, तोच चष्मेवाले हात वर करून त्यांना थांबवतात.

"मेल्यावर लगेच बोलायचं नाही," ते वर्षानुवर्षांच्या अधिकाराने सांगतात. "आधी लोकांना जरा रडू द्यायचं. मग बोलायचं."